रसायनाच्या बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं, आणि त्यावरून प्रयोगशाळेत काय ठरवायचं

प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या सहायकाचा आहे. बाटल्यांवर लाल कडांची चिन्हं असतात, ‘डेंजर’ किंवा ‘वॉर्निंग’ असा शब्द असतो, एच आणि पी या अक्षरांपुढे आकडे असतात. यातलं नेमकं काय वाचायचं? आणि वाचल्यावर कपाटात, टेबलावर, सिंकपाशी काय बदलायचं?

लाल कडांचा, टोकावर उभा चौकोन आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं चित्र ही संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे. तिला जीएचएस, म्हणजे रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची जागतिक समान पद्धत, म्हणतात. चिन्हं एकूण नऊ. जुन्या साठ्यातल्या बाटल्यांवर नारिंगी चौकोनातली चिन्हं दिसतील. ती जुनी युरोपीय पद्धत, आणि तिचे शब्द व वर्ग वेगळे आहेत. नारिंगी चिन्ह दिसलं की बाटली जुनी आहे एवढं निश्चित समजा आणि त्या रसायनाचं नवं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, काढून घ्या.

चिन्ह फार ढोबळ माहिती देतं. ज्वाळेचं चिन्ह ॲसिटोनवर असतं आणि सोडियम धातूवरही असतं. ॲसिटोनच्या लेबलवर एच२२५ आहे: अत्यंत ज्वलनशील द्रव आणि बाष्प. सोडियमवर एच२६० आहे: पाण्याशी संपर्क आला तर ज्वलनशील वायू सुटतो आणि तो आपोआप पेटू शकतो. ॲसिटोनची छोटी आग कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाने विझते. सोडियमवर तोच फवारा मारला तर आग भडकते, पाणी टाकलं तर स्फोटच होतो, तिथे कोरडी वाळू चालते. चित्र पाहून ‘ज्वाळेवाल्या’ सगळ्या बाटल्या एका कप्प्यात ठेवणारी प्रयोगशाळा स्वतःच धोका तयार करते. कवटीचं, गंजण्याचं, उद्गारचिन्हाचं चित्रही असंच अनेक वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. म्हणून नजर चित्रावरून लगेच एच-विधानांवर, म्हणजे धोका सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांवर, न्या. एच२०० ते २९९ भौतिक धोके, ३०० ते ३९९ आरोग्याचे, ४०० च्या पुढे पर्यावरणाचे.

एच-विधानातल्या शब्दांत तीव्रता दडलेली असते. गिळल्यास प्राणघातक म्हणजे एच३००, गिळल्यास विषारी एच३०१, गिळल्यास हानिकारक एच३०२. एच३५० म्हणजे कर्करोग होऊ शकतो, एच३५१ म्हणजे तसा संशय आहे. या पद्धतीत वर्ग १ सर्वांत घातक असतो. एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेचा निळा-लाल-पिवळा-पांढरा चौकोन काही आयात बाटल्यांवर आणि टाक्यांवर दिसतो. तिथे बरोबर उलटं आहे: ० म्हणजे धोका नगण्य, ४ म्हणजे सर्वाधिक. तो चौकोन मुळात आगीच्या वेळी येणाऱ्या बंबवाल्यांसाठी आहे, रोजच्या हाताळणीसाठी नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका.

लेबलवर जे चिन्ह नाही, तो धोकाही नाही, असं मात्र नसतं. कवटी आली की गिळण्या-हुंगण्याच्या कमी तीव्रतेच्या धोक्याचं उद्गारचिन्ह वगळतात. गंजण्याचं चिन्ह आलं की त्वचा-डोळ्यांच्या जळजळीचं उद्गारचिन्ह वगळतात. ‘डेंजर’ छापला की ‘वॉर्निंग’ छापत नाहीत. काही धोक्यांना तर चित्रच नाही, आणि नेमके तेच कॉलेजच्या प्रयोगशाळेत वारंवार समोर येतात. युरोपीय लेबलांवर ते ईयूएच या अक्षरांनी, तळाशी बारीक अक्षरांत येतात. ईयूएच०१९ म्हणजे स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात. हे डायइथिल ईथरवर असतं. ईयूएच०३१ म्हणजे आम्लाशी संपर्क आला की विषारी वायू सुटतो. हे सोडियम हायपोक्लोराइटवर असतं. फरशी पुसायचं ब्लीच आणि सांडलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल सिंकमध्ये एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, तो हा धोका. ही तळाची ओळ वाचायची सवय लावा.

नावाची खात्री सीएएस क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, करा. सोडियम नायट्रेट ७६३१-९९-४, सोडियम नायट्राइट ७६३२-००-०. दोन्ही पांढरे, दोन्ही ऑक्सिडीकारक, नावात एका स्वराचा फरक. पण नायट्राइटवर एच३०१ आणि कवटी आहे, नायट्रेटवर नाही. घाईत मागणीपत्र भरताना किंवा कपाटातून बाटली उचलताना इथेच गफलत होते.

आता एक लेबल जवळून पाहू. पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी स्फटिक लोहाच्या अनुमापनासाठी, क्लोराइडच्या क्रोमिल क्लोराइड चाचणीसाठी आणि कितीतरी ठिकाणी अजूनही काचसामान धुण्याच्या क्रोमिक मिश्रणासाठी वापरले जातात. त्याच्या लेबलवर नऊपैकी पाच चिन्हं एकत्र येतात: वर्तुळावरची ज्वाळा, गंजणं, कवटी, छातीवर तारा असलेला माणूस आणि मेलेला मासा. एच२७२ सांगतं की ते आग वाढवणारं ऑक्सिडीकारक आहे, म्हणून सांडलेली पूड पुसलेले कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नाहीत. एच३३० सांगतं की धूळ श्वासातून गेली तर प्राणघातक आहे, म्हणून पूड वजन करताना पंखा बंद हवा आणि बाटलीत फुंकर मारायची नाही. एच३३४ सांगतं की एकदा दम्यासारखी ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. एच३४०, एच३५० आणि एच३६० ही तीन विधानं जनुकांतले दोष, कर्करोग आणि प्रजननक्षमता व गर्भाला होणारी हानी यांच्याबद्दल आहेत. गर्भवती शिक्षिकेने किंवा सहायकाने हे द्रावण बनवू नये हे याच ओळीवरून ठरतं. आणि एच३०१ सांगतं की तोंडाने पिपेट भरायचं नाही.

या शेवटच्या गोष्टीवर मी आग्रही आहे. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळांत आजही पिपेट तोंडाने ओढलं जातं, डायक्रोमेटचं आणि ऑक्झॅलिक आम्लाचंसुद्धा. पिपेटचं टोक द्रावणातून किंचित वर आलं की हवा शिरते आणि द्रावण क्षणात तोंडात पोचतं. काळजी घेऊनही हे टळत नाही. रबरी बल्ब किंवा पिपेट पंप हाच त्यावरचा उपाय आहे. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला दहा पुरतात. ते नसतील तर ब्युरेटमधून मोजून द्या, अनुमापनाच्या अचूकतेत काही बिघडत नाही.

क्रोमिक मिश्रण तर वापरूच नका. प्रयोगशाळेच्या डिटर्जंटमध्ये काचसामान रात्रभर बुडवून ठेवलं की रोजची घाण निघते. अनुमापनानंतर उरलेलं डायक्रोमेट सिंकमध्ये ओतायचं नाही. ते एका प्लास्टिक कॅनमध्ये जमवा, सामू २ ते ३ वर आणा आणि हलवत हलवत फेरस सल्फेट घाला, नारिंगी छटा पूर्ण जाऊन हिरवा रंग येईपर्यंत. मग चुना किंवा सोडा घालून सामू ८ ते ९ करा. क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो. तो घातक कचरा म्हणून अधिकृत संस्थेकडे जातो.

लेबलवरचे धोके बाटलीत ज्या तीव्रतेचा पदार्थ आहे त्याचे असतात. विरल केल्यावर ते बदलतात, आणि सगळ्यांचे सारखे बदलत नाहीत. युरोपीय वर्गीकरणात हायड्रोक्लोरिक आम्ल २५ टक्के आणि त्यावर असेल तर एच३१४ लागतं, म्हणजे त्वचा भाजते. १० ते २५ टक्क्यांमध्ये फक्त जळजळ, त्याखाली तीही नाही. सल्फ्युरिक आम्लाला एच३१४ ची मर्यादा १५ टक्के. सोडियम हायड्रॉक्साइडला मात्र २ टक्के. हिशेब करा: १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे सुमारे ३.६ टक्के, लेबलच्या भाषेत जळजळीच्याही खाली. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे ४ टक्के, म्हणजे त्वचा आणि डोळा भाजणारं. टेबलावर शेजारी उभ्या असलेल्या, सारख्याच पाण्यासारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी मुलं आम्लाला घाबरतात आणि अल्कलीला नाही. डोळ्याच्या बाबतीत तर अल्कली अधिक वाईट, कारण ती ऊती विरघळवत आत शिरते. म्हणून गॉगलचा नियम ‘आम्ल वापरताना’ असा न ठेवता प्रयोगशाळेच्या दारापासून ठेवा.

संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करतानाचा क्रम सर्वांना पाठ असतो, त्यामागचं कारण क्वचित सांगितलं जातं. ९८ टक्के आम्लाची घनता १.८४ आहे. त्यावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच राहतं, सीमेवर प्रचंड उष्णता निघते, तो पातळ थर उकळतो आणि आम्लासकट उडतो. उलट, पाण्यात आम्ल घातलं तर ते खाली बुडत जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. ५०० मिली साधारण १ मोलर द्रावणासाठी बोरोसिलिकेट बीकरमध्ये ४०० मिली पाणी घ्या, बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवा, २७ मिली आम्ल काचकांडीवरून बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. खोलीच्या तापमानाला आल्यावरच ५०० मिलीपर्यंत भरा. हे काम मोजपात्रात किंवा साध्या काचेच्या रिएजंट बाटलीत करू नका, तळ तडकतो.

मूळ बाटली लेबलसकट कपाटात राहते आणि विद्यार्थ्याच्या हातात येते ती दुसरी बाटली. तिच्यावर बहुधा खडूने किंवा मार्करने नुसतं सूत्र लिहिलेलं असतं. माझ्या मते कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. प्रत्येक भरलेल्या बाटलीवर पूर्ण नाव, तीव्रता, द्रावक, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याची सही आणि मुख्य धोका मराठीत लिहा. उदाहरणार्थ: ‘पोटॅशियम डायक्रोमेट, ०.०५ नॉर्मल, पाण्यात. विषारी, कर्करोगकारक. तोंडाने पिपेट नको. उरलेलं क्रोमियमच्या कॅनमध्ये.’ मार्करची शाई ॲसिटोन-अल्कोहोलने पुसली जाते. पेन्सिलने लिहून वरून पारदर्शक टेप लावली की ते टिकतं. ओतताना लेबल तळहाताकडे ठेवायला शिकवा, म्हणजे ओघळ दुसऱ्या बाजूने जातो. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं तर अमोनियम क्लोराइडची पांढरी पुटं चढून दोन्ही लेबलं वाचेनाशी होतात. वाचता न येणारं लेबल म्हणजे लेबल नाही असंच धरा. अशी बाटली वास घेऊन ओळखायचा प्रयत्न न करता बाजूला काढा.

याहून अवघड भाग असा, की काही घातक पदार्थ कुठल्याच बाटलीत नसतात, ते प्रयोगातच तयार होतात. वायू तयार करण्याच्या किपच्या उपकरणात वापरायच्या आयर्न सल्फाइडच्या बाटलीवर कवटी नसते, पण आम्ल पडलं की सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर एच३३० लागतं. त्याचा सडक्या अंड्यांचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो. मात्र हवेत दशलक्षात १०० भागांच्या आसपास झाला की काही मिनिटांत नाक बधिर होतं, आणि ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ असं वाटतं. किपचं उपकरण हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच, ठेवा आणि वर्गासाठी आधी भरून ठेवलेलं हायड्रोजन सल्फाइडचं पाणी वापरा. पर्याय म्हणून थायोॲसिटामाइड सुचवतात, पण त्याच्या लेबलवर एच३५० आहे हे पाहूनच निर्णय घ्या.

अल्डिहाइड ओळखण्यासाठीचं टोलेन्सचं अभिकर्मक जेवढं लागतं तेवढंच, त्याच वेळी परीक्षानळीत बनवायचं. ते ठेवून दिलं तर त्यात चांदीचा स्फोटक काळा गाळ तयार होतो आणि तो नुसत्या हलवण्यानेही फुटू शकतो. चाचणी झाली की लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करा. द्रावण चांदीच्या कचऱ्यात जमवा. सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याच्या लॅसेनच्या चाचणीत लालबुंद नळी १० मिली पाण्यात बुडवताना अभिक्रिया न झालेलं सोडियम उरलं असेल तर ते भडकतं. म्हणून बशीवर तारेची जाळी हवी, तोंड दूर हवं आणि सोडियमचा तुकडा लहान वाटाण्याहून मोठा नको. क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड सोडियमसोबत तापवलं तर स्फोट होतो, ते नमुने या चाचणीला द्यायचेच नाहीत. सोडियमचे कापलेले कडे-कपचे परत केरोसिनमध्ये जातात. सिंकमध्ये किंवा कचऱ्यात नाही. अशा प्रत्येक प्रयोगासाठी ‘यात काय तयार होतं’ ही ओळ प्रयोगाच्या सूचनापत्रावर वेगळी लिहा.

कपाट लावताना वर्णानुक्रम हा सोयीचा पण घातक क्रम आहे. इंग्रजी वर्णानुक्रमात हायड्राझिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जवळजवळ येतात, आणि ही दोन संहत स्वरूपात एकत्र आली की आपोआप पेटू शकतात. सगळी आम्लं एका कप्प्यात ठेवणं हीसुद्धा चूकच. नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक आहे. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल सेंद्रिय आणि ज्वलनशील आहे. त्याचा प्रज्वलनांक सुमारे ३९ अंश आणि लेबलवर एच२२६ असतं. दोन्ही गळाली आणि मिसळली तर आग लागते. तेव्हा नायट्रिक वेगळ्या ट्रेमध्ये, ॲसिटिक ज्वलनशील द्रावकांसोबत. पोटॅशियम परमँगनेट ग्लिसरॉलपासून लांब. द्रव पदार्थ खालच्या कप्प्यात, डोळ्यांच्या उंचीच्या वर संहत आम्ल कधीच नाही.

उन्हाळ्याचा विचार लेबल करत नाही, तो आपल्याला करावा लागतो. ईथर ३४.६ अंशांना उकळतं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बंद खोलीत ती बाटली म्हणजे दाबाखालचं भांडं. २५ टक्के अमोनियाचंही तसंच. उघडण्याआधी बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, हूडमध्ये न्या, झाकणावर ओला फडका ठेवून सावकाश फिरवा. साध्या घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवू नका. आतल्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीने बाष्प पेटतं. ईथर उघडलं त्या दिवशी बाटलीवर तारीख टाका आणि तीन ते सहा महिन्यांत संपवा. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर ते स्फोटक पेरॉक्साइड असू शकतं, म्हणून बाटलीला हात लावायचा नाही, उघडायची तर नाहीच. खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवा.

पी-विधानांतलं, म्हणजे खबरदारी सांगणाऱ्या वाक्यांतलं, पी२८० सांगतं की हातमोजे, गॉगल वापरा. कुठले हातमोजे ते सांगत नाही. ते माहितीपत्रकाच्या ८व्या विभागात असतं. सोळा विभागांपैकी रोजच्या कामाला ४, ७, ८ आणि १० पुरेसे आहेत: प्रथमोपचार, साठवण, संरक्षण, आणि कशाशी जुळत नाही. पातळ नायट्राइल मोजा विरल आम्लासाठी चांगला, ॲसिटोनसाठी काही मिनिटांचाही भरवसा नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स मोज्यावर १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे थोडे थेंब पडले. वेटरहान हूडमध्ये, मोजे घालून काम करत होत्या. द्रव मोज्यातून आरपार गेला आणि १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या तपासणीत असा मोजा काही सेकंदांतच भेदला जातो असं दिसलं. मोज्यावर काही सांडलं की तो लगेच काढा. कपड्यांबाबत एकच आग्रह: सुती ॲप्रन, बटणं लावलेला. नायलॉनची ओढणी किंवा स्वेटर पेटला की वितळून त्वचेला चिकटतो.

कचऱ्याच्या बाटलीलाही लेबल लागतं. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोन एकाच बाटलीत गेलं तर काही मिनिटांनी, कधी काही तासांनी वायू तयार होऊन बाटली फुटते, तोवर मुलं घरी गेलेली असतात आणि सहायक खोली आवरत असतो. क्लोरीनयुक्त द्रावक, साधे द्रावक, आम्लं, जड धातू असे चार वेगळे कॅन ठेवा. प्रत्येकावर यादी टांगा आणि टाकणाऱ्याने टाकलेला पदार्थ तिच्यावर लिहायचा. कॅन तीन चतुर्थांशाहून जास्त भरू नका.

डोळ्यात काही उडालं तर पी३०५, ३५१, ३३८ ही जोडलेली विधानं म्हणतात ते असं: पाण्याने काही मिनिटं जपून धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा, धुणं चालू ठेवा. प्रत्यक्षात किमान १५ मिनिटं धरा, अल्कली असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत. आयवॉश, म्हणजे डोळे धुण्याचं उपकरण, नसेल तर नळाला मऊ रबरी नळी लावून मंद धार डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला सोडा. डोळ्यात सोडा किंवा बोरिक आम्ल घालून उदासीन करायला जाऊ नका. सोडा टेबलावर आणि फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी. आम्ल किंवा अल्कली गिळली गेली तर पी३३१ लागू होतं, उलटी करवायची नाही. जे जाताना भाजलं ते परत येताना दुसऱ्यांदा भाजतं. रुग्णासोबत मूळ बाटलीच्या लेबलचा फोटो आणि माहितीपत्रकाचा ४था विभाग पाठवा. मिथेनॉल आणि इथेनॉल दिसायला-वासाला जवळपास सारखेच, पण मिथेनॉलच्या लेबलवर एच३७० आहे, दृष्टी जाऊ शकते आणि त्यावरचा उतारा वेगळा आहे. डॉक्टरला ‘कसलंतरी स्पिरिट’ असं सांगितलं तर पहिले महत्त्वाचे तास वाया जातात.